चर्चच्या उपासना-संगीताचं काम पूर्णवेळ करायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ३१. चर्चमध्ये बरीच वर्षं कीबोर्डची साथ, आणि आता गायनवृंदाची जबाबदारीही. चालू नोकरी सोडून हेच काम पूर्णवेळ करायची इच्छा आहे. शिक्षण संगीताचं घ्यावं की ईश्वरविज्ञानाचं? यावर घर चालतं का? आणि या वयात उशीर तर झालेला नाही?

तिन्ही प्रश्नांना उत्तर देतो, पण आधी एक गोष्ट. तुम्ही काय काय वाजवता, वृंद किती आवाजांत गातो, नाताळला कोणत्या अवघड रचना बसवल्या, हे तुम्ही मनापासून लिहिलं आहे. बाकांवरचे लोक गातात का, याबद्दल मात्र एक ओळही नाही. या कामाचं खरं मोजमाप तिथे होतं. चांगला वादक म्हणून तुम्हाला रविवारचं मानधन मिळेल. पूर्णवेळ पगार दिला जातो तो वर्षभराच्या उपासनेची आखणी करण्यासाठी आणि त्या आखणीतून सगळ्या मंडळीला गातं करण्यासाठी. कोणतं शिक्षण घ्यायचं, कुठे अर्ज करायचा, करारात काय मागायचं, हे सगळं यावरूनच ठरतं असं माझं ठाम मत आहे. म्हणून पदवीचा मुद्दा जरा उशिरा घेतो.

बरंचसं तुमच्या परंपरेवर अवलंबून आहे. कॅथलिक, अँग्लिकन, लुथरन अशा चर्चमध्ये उपासनेचा क्रम आणि वर्षाचं कॅलेंडर ठरलेलं असतं. तुम्ही त्या चौकटीत संगीत बसवता. बॅप्टिस्ट, पेन्टेकॉस्टल किंवा स्वतंत्र मंडळ्यांमध्ये बहुतेक वेळा पाळकांच्या प्रवचनमालेवरून गाणी ठरतात, आणि वाजवणारा सहसा बँड असतो. पदांची नावंही फसवी आहेत. ऑर्गनिस्ट, संगीत संचालक, वर्शिप लीडर, उपासना समन्वयक या नावांखाली एका चर्चमध्ये फक्त रविवारची साथ अपेक्षित असते, तर दुसरीकडे त्याच नावाखाली वाचकांचं वेळापत्रक, पडद्यावरचे शब्द, ध्वनियंत्रणा आणि मुलांचा वृंदही असतो. जाहिरात वाचून अंदाज बांधू नका. "या पदावरच्या माणसाचा साधा आठवडा सोमवार ते रविवार कसा जातो?" हा प्रश्न लेखी विचारा. उत्तर देता आलं नाही तर समजा की त्या चर्चने अजून तो विचार केलेला नाही.

आता आखणी. इथे जरा थांबतो, कारण नवा माणूस इथेच कच्चा असतो.

उपासनेचं वर्ष आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या, पहिल्या रविवारी सुरू होतं. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांमध्ये कधीही येऊ शकतो, आणि त्याच्यासोबत राखेचा बुधवार, झावळ्यांचा रविवार, पेन्टेकॉस्ट हे सगळे दिवस सरकतात. कॅथलिक वाचनमाला, म्हणजे रविवारच्या बायबल-वाचनांचा ठरलेला क्रम, तीन वर्षांची आहे. शुभवर्तमान 'अ' वर्षी मत्तय, 'ब' वर्षी मार्क, 'क' वर्षी लूक, आणि योहान मुख्यतः ईस्टरच्या काळात. बऱ्याच प्रोटेस्टंट चर्चमध्ये १९९२ ची सुधारित सामायिक वाचनमाला वापरली जाते. तिचा साचाही हाच आहे. चालू वर्ष कोणतं हे ओळखायची सोपी युक्ती: इसवी सनाला ३ ने नि:शेष भाग गेला तर 'क' वर्ष. २०२५ ला भाग जातो, म्हणून ते 'क' होतं. २०२५ च्या आगमनकाळापासून २०२६ चं 'अ' वर्ष सुरू झालं.

मी कोणताही काळ आखताना कोरा तक्ता घेतो. उभ्या रकान्यात रविवार, आडव्या ओळीत उपासनेचे भाग. पहिल्या फेरीत एकही गाणं लिहायचं नाही. फक्त त्या दिवसाची तिन्ही वाचनं आणि प्रतिसाद-स्तोत्र (पहिल्या वाचनानंतर लोकांच्या ध्रुवपदासह गायचं स्तोत्र) वाचून प्रत्येक रविवारासमोर एक वाक्य लिहायचं: आज मंडळी काय ऐकणार आहे. दुसऱ्या फेरीत स्थिर भाग ठरवायचे, म्हणजे 'हे प्रभो, दया कर', 'पवित्र, पवित्र', 'हे देवाच्या कोकरा' यांच्या कोणत्या चाली या संपूर्ण काळात राहतील. गाणी तिसऱ्या फेरीत येतात. हा क्रम उलटा केला, की आवडीची चार गाणी आधी ठरतात आणि वाचनांशी त्यांचं नातं ओढूनताणून जुळवावं लागतं. प्रवचन एका दिशेने आणि प्रभुभोजनाचं गीत दुसऱ्या दिशेने जाताना दिसलं, तर आखणी गाण्यांपासून सुरू झाली होती हे नक्की.

स्थिर चाली दर रविवारी बदलू नका. एक संच निदान एका पूर्ण काळासाठी ठेवा. आगमनकाळाचा एक, प्रायश्चित्तकाळाचा (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांचा) एक, ईस्टरचा एक, आणि सामान्यकाळासाठी, म्हणजे उरलेल्या साध्या आठवड्यांसाठी, दोन. एवढं वर्षभराला पुरतं. लोकांना 'पवित्र, पवित्र' पुस्तकात न पाहता गाता आलं पाहिजे, आणि ते पुन्हा पुन्हा गायल्यानेच जमतं. शिवाय त्या काळाची ओळख कानांना होते. प्रायश्चित्तकाळाची साधी, उघडी चाल चाळीस दिवस ऐकल्यावर ईस्टरची चाल सुरू झाली की मुलांनासुद्धा कळतं की आज काही वेगळं आहे.

काय गायचं याचा प्राधान्यक्रम बहुतेकांना उलटा शिकवला गेलेला असतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेबद्दलचा दस्तऐवज मंजूर केला. त्याच्या पाठोपाठ १९६७ मध्ये रोमने संगीतासाठी 'मूझिकाम साक्राम' ही सूचनावली काढली. तिच्यात गायनाच्या तीन पायऱ्या दिल्या आहेत. पहिल्या पायरीवर धर्मगुरू आणि लोक यांच्यातले संवाद, 'पवित्र, पवित्र' आणि प्रभूची प्रार्थना. दुसऱ्या पायरीवर 'दया कर', ग्लोरिया (देवाच्या गौरवाचं स्तुतिगीत), श्रद्धांगीकार वगैरे. प्रवेशगीत, अर्पणगीत, ख्रिस्तप्रसादाचं गीत तिसऱ्या पायरीवर! पहिली पायरी एकटी चालेल, पण तिच्याशिवाय वरच्या दोन घेऊ नयेत, असंही स्पष्ट म्हटलं आहे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी चार गाणी दणक्यात होतात आणि "प्रभू तुम्हाबरोबर असो" हे मात्र बोललं जातं. तुम्ही कॅथलिक असाल तर तुमच्या धर्मगुरूंसोबत सर्वांत आधी हेच बदलायला घ्या. दोन स्वरांत होणारा तो छोटा संवाद गाता आला, की लोकांचा आवाज पहिल्याच मिनिटाला उघडतो. बाकीच्यांनीही तत्त्व घ्यावं: जे शब्द दर आठवड्याला लोकांच्या तोंडी असतात, त्यांना आधी सूर द्या.

या आखणीची खरी कसोटी पवित्र सप्ताहात, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्यात, लागते. रोमन विधीत पवित्र गुरुवारच्या ग्लोरियानंतर ऑर्गन आणि इतर वाद्यं फक्त गायनाला आधार म्हणून वाजवता येतात. ती पुन्हा मोकळी होतात ईस्टर-जागरणाच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेच्या, ग्लोरियाला. जागरणात जुन्या करारातली सात वाचनं आहेत आणि प्रत्येकामागे स्तोत्र किंवा गीत. वाचनं कमी करता येतात, पण निर्गमची, समुद्र पार केल्याची कथा वगळता येत नाही. त्याआधी अंधारात, मेणबत्त्यांच्या उजेडात एक्सुल्टेट, म्हणजे ईस्टरची घोषणा, गायचं असतं. दीर्घ रूप आठ-दहा मिनिटं चालतं, साथ नाही, आणि गाणारा दीक्षित (डीकन किंवा धर्मगुरू) नसेल तर त्याने "प्रभू तुम्हाबरोबर असो" आणि आणखी काही ओळी गाळायच्या असतात. इथे बिघडतं ते बहुधा ठरावीक ठिकाणी: गायकाच्या हातातल्या कागदावर उजेड नसतो, सुरुवातीचा सूर चढा धरला जातो आणि पाचव्या मिनिटाला आवाज फाटतो, सातही स्तोत्रांना एकाच घाटाची चाल दिल्याने चौथ्या वाचनानंतर लोक थकतात, आणि ग्लोरियाला घंटा, दिवे आणि ऑर्गन एका क्षणी हवेत, पण दिव्यांच्या बटणाजवळ कोणीच नसतं. म्हणून जागरणाची तालीम वृंदाची वेगळी आणि हालचालींची वेगळी घ्यायची. दुसरीला गाणं कमी आणि चालणं जास्त. स्तोत्रांमध्ये फरक ठेवा: एक फक्त एकल आवाजात, एक वृंदाने, एक नुसतं वाचून आणि मागे शांतता, निर्गमनंतरचं गीत सगळ्यांनी ठेक्यात. हे सगळं सहा आठवडे आधी कागदावर नसेल तर त्या सप्ताहात झोप मिळणार नाही.

एकूण वेळेचा अंदाज असा ठेवा: ईस्टरच्या वृंदरचना जानेवारीत हातात, नाताळच्या सप्टेंबरात. साध्या रविवारची गाणी चार ते सहा आठवडे आधी नक्की. त्याहून उशीर झाला की पडदा सांभाळणाऱ्यापासून बासरीवाल्यापर्यंत सगळे शनिवारी रात्री धावपळ करतात, आणि स्वयंसेवक टिकत नाहीत.

आता लोक गातील कसे, ते बघू. बहुतेक वेळा कारण श्रद्धेचं किंवा लाजेचं नसून अगदी साधं, तांत्रिक असतं.

पहिलं, पट्टी. मिश्र समुदायाला मधल्या सी-खालच्या बी फ्लॅटपासून त्याच्या वरच्या सप्तकातल्या डी-पर्यंत आरामात गाता येतं (पुरुष एक सप्तक खाली). वरचा ई क्षणभर चालेल, पण त्यावर चार मात्रा थांबायची वेळ आली की निम्मा समुदाय गप्प होतो. ध्वनिमुद्रित उपासना-गीतं बऱ्याचदा उंच पुरुष आवाजासाठी असतात. ती आहेत तशी उचलू नका. गाण्यातला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा सूर शोधा, वरचा सी किंवा डी वर आणा, खालचा कुठे जातो ते पाहा. सकाळच्या पहिल्या उपासनेला अर्धा सूर आणखी खाली घ्या. यासाठी पट्टी बदलून वाजवता आलीच पाहिजे. कीबोर्डवरच्या ट्रान्सपोज बटणावर विसंबू नका, कारण पुढच्या गाण्याआधी ते शून्यावर आणायला विसरलं की सगळा बँड वेगळ्या स्वरात असतो. बँड असेल तर कॉर्डची नावं लिहिण्याऐवजी आकडे लिहायची पद्धत शिका. १, ४, ५ असं लिहिलेलं गाणं कोणत्याही पट्टीत तसंच्या तसं वाजतं.

दुसरं, लय. सर्वांत लांब ओळ सामान्य माणसाला एका श्वासात गाता आली पाहिजे. मेट्रोनोमचा आकडा त्यानंतर. दगडी, घुमणाऱ्या वास्तूत लय थोडी सैल ठेवावी आणि सूर तोडून वाजवावेत. गालिचे आणि गाद्या असलेल्या कोरड्या सभागृहात हळू लय मरगळते.

गाणं मागे खेचलं जातंय अशी तक्रार सगळीकडे असते आणि दोष लोकांना दिला जातो. बहुतेक वेळा वादकच लोकांची वाट पाहत असतो. तो त्यांचा आवाज ऐकून वाजवतो, मागच्या बाकांचा आवाज उशिरा पोचतो, म्हणून तो थांबतो. तो थांबला म्हणून लोक आणखी थांबतात. उपाय जोरात वाजवणं हा नाही. ओळीच्या शेवटचा सूर त्याच्या ठरलेल्या मात्रेवर सोडा, हात उचला, आणि पुढची ओळ वेळेवर सुरू करा. त्या छोट्या रिकाम्या जागेत सगळे एकत्र श्वास घेतात. दोन कडव्यांमधलं अंतरही दर वेळी तेवढंच हवं, मग ते दोन मात्रांचं असो की चार. सुरुवातीच्या तुकड्यात लय दाखवायची असते, म्हणून त्याच्या शेवटी रेंगाळू नका. रेंगाळलात तर लोक त्या मंद लयीत उचलतात आणि पहिली ओळ दोन तुकड्यांत फुटते.

तिसरं, माइक. मुख्य गायकाने ध्रुवपदाला माइकपासून पाऊलभर मागे जावं. सोलोच्या आवाजाने सभागृह भरलं की लोकांना वाटतं, आपली गरज नाही. ड्रम आणि मॉनिटर (वादकांकडे तोंड केलेले स्पीकर) एवढे मोठे ठेवू नका की माणसाला स्वतःचा आणि शेजाऱ्याचा आवाज ऐकू येऊ नये, कारण ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तो काही वेळाने गायचं थांबवतो. तुमचा ध्वनितज्ज्ञ उपासनेदरम्यान एकदा तरी मधल्या बाकांवर येऊन उभा राहतो का, हे पाहा.

नवीन गाणी वर्षाला आठ ते बारा, त्याहून जास्त नकोत. पहिल्या आठवड्यात चाल नुसती वाद्यावर, लोक येऊन बसत असताना. दुसऱ्या आठवड्यात वृंद गातो, लोक ध्रुवपद घेतात. तिसऱ्या आठवड्यात सगळे. मग लागोपाठ एक-दोनदा, आणि महिनाभर विश्रांतीनंतर पुन्हा. नवा मजकूर लगेच हवा असेल तर छंदाचे आकडे बघा. बऱ्याच गीतपुस्तकांत गाण्याखाली ८.६.८.६ किंवा ८.८.८.८ असं लिहिलेलं असतं. ती प्रत्येक ओळीतल्या अक्षर-उच्चारांची संख्या असते. आकडे जुळले तर अनोळखी शब्द ओळखीच्या चालीवर घेता येतात, फक्त आघात योग्य शब्दांवर पडतात का ते आधी स्वतः गाऊन तपासा.

वृंदाच्या तालमीबद्दल थोडंच सांगतो, कारण तुम्ही ती घेताच आहात. नव्वद मिनिटांत पहिली आठ-दहा आवाज मोकळा करायला, त्यानंतरची पंचवीस सर्वांत अवघड रचनेला, मेंदू ताजा असतानाच. येत्या रविवारची गाणी शेवटी, म्हणजे तीच कानात घेऊन लोक घरी जातात. अवघड रचना शेवटून मागे शिकवा: शेवटचे आठ बार (ठरावीक मात्रांचे गट), मग त्याआधीचे आठ. गाताना माणूस ओळखीच्या भागाकडे जात राहतो आणि धीर वाढतो. आणि तालमीत वृंदाकडून लोकांचं गाणंही एका सुरात, बिनसाथ गाऊन घ्या. तुमचा वृंद ही मंडळीची पुढची रांग आहे.

आता शिक्षणाकडे येतो.

संगीत की ईश्वरविज्ञान, याचं उत्तर तुमची कमतरता कुठे आहे यावर आहे. स्वतःची परीक्षा घ्या. न पाहिलेलं चार आवाजी गीत पहिल्याच वाचनात, योग्य लयीत, आणि मग एक सूर खाली वाजवता येतं का? नुसत्या चालीखाली तिथल्या तिथे स्वरसंगती बसवता येते का? वृंदातल्या आल्टोचा (स्त्रियांच्या खालच्या आवाजाचा) चुकलेला सूर तुम्हाला सांगता येतो, की फक्त "काहीतरी चुकलं" एवढंच कळतं? ही तीन कामं डळमळीत असतील तर आधी संगीत. ती जमत असतील, पण प्रतिसाद-स्तोत्र पहिल्या वाचनाला का जोडलेलं असतं किंवा प्रायश्चित्तकाळात आलेलुया का गात नाहीत हे सांगता येत नसेल, तर उपासनाशास्त्र आणि बायबल. माझ्या पाहण्यात संगीतात बरे असलेले बहुतेक अर्जदार दुसऱ्या बाजूला कमी पडतात, आणि धर्मगुरूंशी चर्चेला बसले की ते लगेच उघड होतं.

पदवीशिवायचे, परीक्षांवर आधारलेले मार्गही आहेत आणि नोकरी सांभाळून ते जमतात. इंग्लंडमधल्या रॉयल कॉलेज ऑफ ऑर्गनिस्ट्सची (स्थापना १८६४) आणि अमेरिकन गिल्ड ऑफ ऑर्गनिस्ट्सची (१८९६) टप्प्याटप्प्यांची प्रमाणपत्रं आहेत. गिल्डची अगदी पहिली परीक्षा उपासनेत साथ कशी करता यावरच असते. वृंदसंचालन आणि चर्च-संगीतासाठी १९२७ मध्ये सुरू झालेली रॉयल स्कूल ऑफ चर्च म्युझिक उपयोगी आहे. पूर्ण पदवीच करायची तर येल विद्यापीठातली इन्स्टिट्यूट ऑफ सेक्रेड म्युझिक आणि रोममधली दहाव्या पायस यांच्या काळात सुरू झालेली पोपमहोदयांची संगीतसंस्था ही मोठी नावं आहेत. मला सर्वांत स्पष्ट वाटते ती जर्मन पद्धत. तिथे चर्च-संगीतकारांचे सी, बी आणि ए असे दर्जे आहेत. सी म्हणजे जोडकाम म्हणून करणाऱ्यासाठी, बी पदवीच्या आणि ए पदव्युत्तर पातळीला, आणि पदंही त्याच दर्जांनी जाहीर होतात. तुम्ही जर्मनीला जावं असं नाही, पण सी-दर्जाच्या विषयांची यादी मिळवून स्वतःसमोर ठेवा: वादन, उत्स्फूर्त वादन, वृंदसंचालन, आवाजाचं शिक्षण, ग्रेगोरियन गायन (चर्चचं जुनं, बिनसाथ एकसुरी गायन) किंवा गीतशास्त्र, उपासनाशास्त्र, ऑर्गनची रचना. तुमच्या अभ्यासक्रमाची रूपरेषा यात आयती आहे. बँडवाल्या मंडळीत जाणार असाल तर ऑर्गनच्या जागी ध्वनियंत्रणा आणि वाद्यसंयोजन घाला, बाकी तसंच.

ऑर्गनचा विषय निघालाच आहे तर एक बारकाईची गोष्ट. साध्या नळ्यांचा सूर तापमानासोबत चढतो, दर अंश सेल्सिअसला साधारण ३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). जिभेच्या नळ्या, म्हणजे ज्यांत धातूची पातळ जीभ कंप पावून सूर देते त्या, एवढ्या चढत नाहीत. म्हणून शनिवारी थंड वास्तूत जुळलेला ऑर्गन रविवारी गर्दीच्या उबेत आपापसांत भांडतो. तेव्हा जिभेच्या नळ्या त्या दिवशी वापरू नका, आणि ऑर्गन लावणाऱ्याला बोलावताना उपासनेच्या वेळेइतकं तापमान आधी करून ठेवा. अशा गोष्टी मुलाखतीत विचारल्या जात नाहीत, पण वाद्याची देखभाल तुमच्याकडेच येते.

घर चालतं का? चालतं, पण पूर्णवेळ पदं मोजकीच आहेत आणि ती बहुतेक मोठ्या मंडळ्यांमध्ये, कॅथीड्रलमध्ये किंवा शाळा जोडलेल्या चर्चमध्ये असतात. बाकी पदं अर्धवेळ. म्हणून पहिली काही वर्षं अर्धवेळ पद, सोबत शिकवणी किंवा इतर साथ, असा जोड धरूनच हिशोब करा आणि तोवर चालू नोकरी सोडू नका. तासांचा हिशोब आधी स्वतः मांडा. आठवड्याला एकच उपासना असली तरी रविवारचे ३-४ तास, वृंदाची तालीम २, स्वतःचा रियाज ४-५, आखणी २-३, आणि निरोप, प्रती, बैठका यांचे २-३. झाले १३ ते १७. चर्चची समिती "आठवड्याला पाच तास" म्हणते तेव्हा ती फक्त डोळ्यांना दिसणारे तास मोजत असते. हा तक्ता त्यांच्यासमोर ठेवा. बहुतेक समित्या वाईट हेतूने कमी देत नाहीत, त्यांना रियाज आणि आखणी दिसतच नाही.

करार लेखी हवा, आणि तो धर्मगुरूंसोबत नसून चर्चच्या समितीसोबत हवा. या व्यवसायात नोकरी जाण्याचं एक मोठं कारण म्हणजे धर्मगुरू बदलणं. करारात या गोष्टी असाव्यात: कामाचे तास आणि सणांचे जादा तास; वर्षातले सुट्टीचे रविवार आणि त्या दिवशीच्या बदली वादकाचं मानधन कोण देणार; लग्न आणि अंत्यविधींचं मानधन पगाराव्यतिरिक्त, आणि त्यांसाठी पहिला हक्क तुमचा; संगीत खरेदी आणि वाद्यांच्या देखभालीची तरतूद; थेट प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग कशासाठी वापरणार; गाण्यांबद्दल मतभेद झाला तर अंतिम शब्द कोणाचा; नोटीसचा कालावधी. अंतिम शब्द बहुतेक परंपरांमध्ये धर्मगुरूंचाच असतो आणि असावा. तुम्ही मागायचं ते एवढंच, की बदल ठरावीक दिवसापर्यंत कळावा. दर आठवड्याला वीस मिनिटांची, ठरलेल्या वेळेची भेट करारातच घाला. ती नसेल तर सगळे निर्णय उपासनेआधी दहा मिनिटं दारात उभ्याने होतात.

दोन जबाबदाऱ्या नवे लोक हलक्यात घेतात. एक, स्वामित्वहक्क. अनेक देशांच्या कायद्यात उपासनेदरम्यान गाण्याला सूट असते, पण शब्द पडद्यावर दाखवणं, स्वरलिपीच्या प्रती काढणं आणि थेट प्रक्षेपण यांना ती लागू होत नाही. त्यांसाठी सीसीएलआय किंवा वन लायसन्ससारखे परवाने घ्यावे लागतात आणि काय वापरलं याची नोंद द्यावी लागते. जुनं गीत हक्कमुक्त असलं तरी त्याचा नवा अनुवाद किंवा नवी स्वरसंगती हक्काखाली असू शकते. म्हणून तुमच्या तक्त्यात प्रत्येक गाण्यासमोर शब्द कोणाचे, चाल कोणाची, अनुवाद कोणाचा, असे तीन रकाने ठेवा. दुसरी, मुलांची सुरक्षितता. मुलांच्या तालमीला कायम दोन प्रौढ हजर. एकट्या मुलाची तालीम बंद खोलीत नाही. मुलांना थेट खासगी संदेश नाहीत, सगळं पालकांच्या गटावर. आणि स्वतःची पार्श्वभूमी-तपासणी स्वतःहून करून घ्या. यात तडजोड करणाऱ्या चर्चमध्ये पद घेऊ नका.

अर्ज करताना आपल्या उत्तम वादनाच्या ध्वनिफितीसोबत एका पूर्ण काळाची आखणी द्या. येत्या आगमनकाळाचे चार रविवार घ्या आणि वर सांगितलेला तक्ता भरा: वाचनं, तुमचं एक वाक्य, स्थिर चाली, गाणी, प्रत्येकाची पट्टी, आणि का निवडलं ते दोन ओळींत. सोबत एका साध्या रविवारची मिनिटाभराची ध्वनिफीत जोडा, माइक मधल्या बाकांमध्ये ठेवून केलेली, ज्यात वृंदापेक्षा लोकांचा आवाज जास्त ऐकू येईल. अशी फीत अर्जासोबत जवळजवळ कोणी पाठवत नाही, आणि निवड करणाऱ्याला तीच सर्वांत आधी ऐकायची असते. ती आज करून बघितलीत आणि लोकांचा आवाज ऐकूच आला नाही, तर पुढच्या सहा महिन्यांचं काम कुठे आहे ते कळेल.

राहिला वयाचा प्रश्न. वृंदसंचालन, आखणी आणि गायनाला ३१ हे वय मुळीच जास्त नाही. माणसं सांभाळण्याच्या कामात ते उलट फायद्याचंच आहे. ऑर्गनचं पायांचं काम, म्हणजे खालच्या पट्ट्या पायांनी वाजवणं, मात्र नव्याने शिकावं लागेल. कीबोर्डचा हात तयार असेल आणि रोज तासभर देता आला, तर साध्या उपासनेची साथ पायांसह निर्धास्तपणे करायला साधारण दोन ते तीन वर्षं धरा. सुरुवातीला डावा हात वगळून, फक्त वरची चाल आणि पाय असं वाजवा. दोन्ही हात आणि पाय एकदम घेतले की पायांचा सूर डाव्या हाताला चिकटतो, आणि ती सवय नंतर सुटायला फार वेळ लागतो.